संगणकास हार्ड डिस्क सापडत नाही तेव्हा
दूध संस्थांच्या नोंदींची दुसरी प्रत कशी राखावी

खेड्यातील दूध उत्पादक संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध संकलनाचे काम चालते. सभासदाने आणलेल्या दुधाचे माप, त्यातील फॅट व एस. एन. एफ. यांचे प्रमाण आणि त्यानुसार होणारा दर यांची नोंद पूर्वी सचिव आपल्या हाताने वहीत करीत असे. हल्ली अनेक संस्थांत वजनकाटा व दूध तपासणीचे यंत्र संगणकास जोडलेले असून ही नोंद आपोआप होते. सभासदाच्या हाती छापील पावती पडते, दहा दिवसांचे बिल काही क्षणांत तयार होते आणि बेरीज-वजाबाकीच्या चुकांना जागा राहत नाही. ही सोय निःसंशय मोठी आहे. तथापि तिच्यामुळे एक नवी जबाबदारी संस्थेवर येऊन पडली आहे.

वही कपाटातून नाहीशी झाली तर ती गोष्ट त्याच दिवशी ध्यानात येते. संगणकातील नोंदींचे तसे नाही. संगणकाच्या आतील हार्ड डिस्क एखाद्या सकाळी पूर्वसूचना न देता बंद पडू शकते आणि तिच्याबरोबर वर्षभराचा हिशेब जाऊ शकतो. म्हणून या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या, बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर नियमितपणे काढून ठेवतात. या प्रतीस ‘बॅकअप’ म्हणतात. शेतकरी पेरणीसाठी लागणारे बी खाण्याच्या धान्यातून वेगळे काढून राखून ठेवतो, तशीच ही राखण होय.

परंतु पुष्कळ ठिकाणी असे घडते की, बॅकअपची व्यवस्था एकदा करून दिली जाते, काही महिने ती ठीक चालते आणि मग एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर ‘बॅकअपचा ड्राइव्ह सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊ लागतो. सकाळच्या गर्दीत सचिव तो संदेश बंद करतो. दुसऱ्या दिवशीही तेच होते. दूध संकलन अडत नाही, पावत्या निघत राहतात, बिलेही वाटली जातात. त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणासच वाटत नाही. वस्तुतः त्या दिवसापासून संस्थेजवळ आपल्या हिशेबाची एकच प्रत उरलेली असते.

नुकसान किती होऊ शकते?

एका संस्थेचे उदाहरण घेऊ. सभासद १५० आणि प्रत्येकाचे दूध रोजी सरासरी ८ लिटर धरले, तर रोजचे संकलन १,२०० लिटर होते. पावसाळ्याच्या प्रारंभी बॅकअप बंद पडला आणि चार महिन्यांनी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली असे समजा. १२० दिवसांच्या १,४४,००० लिटर दुधाची नोंद एकदम नाहीशी होते. दहा-दहा दिवसांची बिले पूर्वीच वाटली गेलेली असतात हे खरे. परंतु दिवाळीस द्यावयाचा दर फरक प्रत्येक सभासदाच्या वर्षभराच्या दुधावर काढावयाचा असतो. तो लिटरला केवळ २ रुपये धरला तरी या चार महिन्यांपोटी २,८८,००० रुपये कोणास किती द्यावयाचे, याचा आधारच राहत नाही. रोज ८ लिटर घालणाऱ्या एका सभासदाचे यात १,९२० रुपये गुंतलेले असतात. ज्याने पावत्या जपून ठेवल्या तो आपला हक्क दाखवू शकतो. ज्याच्या पावत्या पावसात भिजल्या किंवा मुलांनी फाडल्या, त्याने काय करावे? अशा प्रसंगी पैशापेक्षाही मोठी हानी होते ती संस्थेवरील विश्वासाची.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या योजनेत नोंदी मध्यवर्ती यंत्रणेत साठविण्याची तरतूद आहे. पण ज्या दूध संस्थेच्या नोंदी केवळ तिच्या स्वतःच्या संगणकात आहेत, तिला आपली राखण आपणच करणे भाग आहे.

संदेशाचे दोन अर्थ

‘ड्राइव्ह सापडत नाही’ या संदेशाचे दोन वेगवेगळे अर्थ संभवतात. पहिला असा की, हार्ड डिस्क जोडलेली असूनही केबल, पोर्ट, संगणक किंवा खुद्द हार्ड डिस्क यांपैकी कशात तरी दोष आहे. दुसरा असा की, हार्ड डिस्क मुळी जोडलेलीच नाही. ती कपाटात पडून आहे. विंडोज प्रणालीतील ‘फाइल हिस्टरी’ ही व्यवस्था फार दिवस हार्ड डिस्क न मिळाल्यास ‘रिकनेक्ट युअर ड्राइव्ह’, म्हणजे ‘आपला ड्राइव्ह पुन्हा जोडा’, असे कळविते. पहिल्या प्रकारात दोष शोधावा लागतो. दुसऱ्या प्रकारात दोष यंत्राचा नसून कामाच्या वाटणीचा असतो. हार्ड डिस्क कोणी, केव्हा जोडावयाची हे ठरलेले नसते. यास्तव संदेश दिसताच प्रथम हा प्रश्न विचारावा की, हार्ड डिस्क या क्षणी कोठे आहे? पुष्कळदा उत्तर येथेच मिळते.

दुरुस्तीस हात लावण्यापूर्वी

हार्ड डिस्क जोडलेली असूनही सापडत नसेल, तर घाईने कोणतेही बटण दाबू नये. आधी पुढील तीन गोष्टी कराव्यात.

१. पडद्यावरील संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. तारीख व वेळ टिपून ठेवावी. पुढे तज्ज्ञास बोलावण्याची वेळ आली, तर त्याला याचा फार उपयोग होतो.

२. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेस यशस्वी झाला ते पाहावे. या तारखेवरून धोका किती दिवसांचा आहे हे कळते.

३. दूध संकलनाच्या प्रोग्रॅममधून नोंदींची एक तात्पुरती प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्यावी. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. दुसरी प्रत उपलब्ध नाही अशा स्थितीत मूळ संगणकावर खटपट करणे म्हणजे विहिरीच्या काठावर दोर न बांधता उतरण्यासारखे आहे. पेन ड्राइव्हवर प्रत आली की मग निश्चिंतपणे तपासणी करता येते.

तपासणीचा क्रम

पंपाने पाणी उचलले नाही तर जाणता शेतकरी लगेच मोटार बाहेर काढावयास लावत नाही. वीज आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय, स्टार्टर बसतो काय, फूट व्हॉल्व्हमधून पाणी गळते काय, हे तो क्रमाने पाहतो. हार्ड डिस्कच्या बाबतीतही हीच रीत धरावी. सोपी व बिनखर्चाची तपासणी आधी करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. केबल, पोर्ट व संगणक ही तिन्ही एकदम बदलल्यास दोष कशात होता ते कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवतो. खाली दिलेली नावे विंडोज प्रणालीतील आहेत.

*पहिली पायरी : वीज व केबल.* हार्ड डिस्कवरील दिवा लागतो काय, हातात धरली असता आतील तबकडी फिरत असल्याची बारीक थरथर जाणवते काय, हे पाहावे. दिवा नसेल तर केबल दोन्ही टोकांनी काढून दहा सेकंदांनी पुन्हा घट्ट बसवावी. खिशात मावणाऱ्या लहान हार्ड डिस्कला वीज संगणकाच्या यूएसबी पोर्टमधूनच मिळते. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत, तर ३.० पोर्टमधून ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळण्याची व्यवस्था असते, ३.० पोर्टची आतील पट्टी बहुधा निळी असते. एकाच हबवर वजनकाटा, प्रिंटर व हार्ड डिस्क अशी सर्व साधने लटकविली तर वीज अपुरी पडते आणि हार्ड डिस्क मध्येच दिसेनाशी होते. म्हणून हार्ड डिस्क हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टमध्ये लावावी.

यानंतर केबल बदलून पाहावी. हार्ड डिस्कच्या बाजूची रुंद, चपटी पिन वारंवार काढघाल केल्याने सैल होते. हा दोष नेहमी आढळणारा आहे. बदली केबल घेताना मात्र सावधगिरी बाळगावी. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत केवळ वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. अशा केबलीने दिवा लागतो, पण संगणकास हार्ड डिस्क दिसत नाही. पशुखाद्याच्या पोत्यांजवळ संगणक ठेवलेला असेल तर उंदरांनी केबल कुरतडली नाही ना, हेही पाहावे. मोठ्या आकाराच्या हार्ड डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर लागतो. तो तिचाच असावा. पिन बसते एवढ्यावरून दुसऱ्या यंत्राचा अ‍ॅडॉप्टर लावल्यास व्होल्टेज वेगळे असल्यामुळे हार्ड डिस्क कायमची निकामी होण्याचा संभव असतो.

*दुसरी पायरी : दुसरा संगणक.* तीच हार्ड डिस्क त्याच केबलीने दुसऱ्या संगणकास लावून पाहावी. शाळा, ग्रामपंचायत किंवा शेजारची संस्था यांच्याकडील विश्वासाचा संगणक यासाठी चालेल. तेथेही दिसली नाही तर दोष हार्ड डिस्क किंवा केबल यांत आहे. तेथे दिसली तर हार्ड डिस्क शाबूत असून दोष आपल्या संगणकात किंवा त्यास दिलेल्या सूचनांत आहे. पाच मिनिटांच्या या तपासणीने निम्मे काम होते.

*तिसरी पायरी : संगणक ती ओळखतो काय?* ‘धिस पीसी’ उघडून हार्ड डिस्कचे चिन्ह दिसते काय ते पाहावे. दिसत नसल्यास ‘स्टार्ट’ बटणावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे संगणकास जोडलेल्या सर्व हार्ड डिस्कांची यादी असते. चार प्रकार संभवतात. हार्ड डिस्क यादीत असून तिला इंग्रजी अक्षर दिलेले नसेल, तर उजव्या कळीने ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ निवडून अक्षर द्यावे. ती ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर ‘ऑनलाइन’ करावी. ती यादीतच नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळे उद्गारचिन्ह कोठे आहे काय ते पाहून, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. आणि ती ‘रॉ’, ‘अनअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशिअलाइज्ड’ अशी दिसत असेल, तर तेथेच थांबावे. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

*चौथी पायरी : अक्षर बदलले काय?* हा दोष वरकरणी गूढ वाटतो, पण समजून घेतल्यास अगदी साधा आहे. विंडोज प्रत्येक ड्राइव्हला एक इंग्रजी अक्षर देते. संगणकाची मुख्य हार्ड डिस्क बहुधा ‘सी’ असते; बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला पुढचे रिकामे अक्षर मिळते. हिशेबाचे पुष्कळ प्रोग्रॅम बॅकअपची जागा या अक्षरावरूनच लक्षात ठेवतात. बॅकअपची हार्ड डिस्क रोज ‘ई’ असते असे समजा. एके दिवशी कोणी अर्ज छापून घेण्यासाठी आपला पेन ड्राइव्ह आधी लावला, तर ‘ई’ हे अक्षर त्याला जाते आणि मागाहून लावलेली हार्ड डिस्क ‘एफ’ होते. प्रोग्रॅम ‘ई’च्या दारी जातो, त्याला आपला फोल्डर मिळत नाही आणि तो ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असे सांगतो. याहून वाईट म्हणजे काही प्रोग्रॅम तेथे नवा फोल्डर तयार करून सभासदांचा सारा हिशेब त्या परक्या पेन ड्राइव्हवर उतरवितात! बॅकअप झाल्याचा संदेश येतो आणि प्रत मात्र दुसऱ्याच्या खिशातून गावाबाहेर जाते.

उपाय सोपा आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून बॅकअपच्या हार्ड डिस्कला पुढचे, सहसा कोणास न मिळणारे अक्षर द्यावे, उदाहरणार्थ ‘आर’. विंडोज ते अक्षर त्या हार्ड डिस्कसाठी लक्षात ठेवते. नंतर प्रोग्रॅममध्येही बॅकअपची जागा ‘आर’ अशी बदलावी. तसेच हार्ड डिस्कला ओळखीचे नाव द्यावे आणि तेच नाव कागदावर लिहून तिच्यावर चिकटवावे.

*पाचवी पायरी : हार्ड डिस्क बदलली आहे काय?* जुनी हार्ड डिस्क बिघडल्यामुळे नवी आणली आणि तिला तेच नाव दिले, म्हणजे झाले असे नाही. फाइल हिस्टरीसारखी व्यवस्था ठरवून दिलेल्या हार्ड डिस्कचीच वाट पाहत राहते. अशा वेळी बॅकअपच्या मांडणीत जाऊन ‘सिलेक्ट ड्राइव्ह’ने नवी हार्ड डिस्क पुन्हा निवडावी लागते. हार्ड डिस्कवर कुलुपाचे चिन्ह दिसत असेल तर ती सांकेतिक शब्दाने बंद केलेली आहे. ती उघडल्याखेरीज बॅकअप तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हा शब्द आणि त्यासोबत मिळालेली ४८ अंकी रिकव्हरी की सचिवाच्या केवळ आठवणीत राहू नये. ती पाकिटात बंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवावी.

*सहावी पायरी : वेळ चुकते काय?* हार्ड डिस्क सकाळी दिसते आणि दुपारी नाहीशी होते, असा अनुभव आल्यास वीज वाचविण्याच्या मांडणीकडे लक्ष द्यावे. विंडोज काही वेळ वापरात नसलेल्या यूएसबी साधनांची वीज तोडते आणि एखादी जुनी हार्ड डिस्क त्यातून पुन्हा जागी होत नाही. ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे. याचप्रमाणे बॅकअपची वेळ रात्री दोनची ठेवलेली असते आणि संगणक तर रात्री आठलाच बंद होतो, असेही आढळते. वेळ अशी ठेवावी की जेव्हा संगणक चालू, वीज भरवशाची आणि जबाबदार मनुष्य हजर असेल. सायंकाळचे संकलन आटोपल्यावरची वेळ यास उत्तम.

‘फॉरमॅट’ दाबू नये

हार्ड डिस्क जोडताच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असा संदेश काही वेळा येतो. संगणकास त्या हार्ड डिस्कवरील मांडणी वाचता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. आतील नोंदी पुष्कळदा शाबूत असतात. संगणक सुचवितो म्हणून ‘फॉरमॅट’ दाबणे म्हणजे उगवण झाली नाही असे समजून शेत नांगरून टाकण्यासारखे आहे. ‘इनिशिअलाइज’ या सूचनेसही हाच नियम लागू आहे. ‘कॅन्सल’ दाबावे, हार्ड डिस्क सुरक्षितपणे काढून बाजूस ठेवावी आणि तिच्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी. तिच्यावर मागील वर्षांच्या नोंदींची एकमेव प्रत असेल, तर ती माहिती परत मिळविण्याचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. बॅकअपसाठी तोवर दुसरी हार्ड डिस्क वापरावी.

हार्ड डिस्कमधून टक् टक् असा ठराविक आवाज येत असेल तर ती तत्काळ बंद करावी. तिच्यात मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून, वाचणारा भाग सरकत असतो. तो बिघडलेला असताना पुनःपुन्हा चालू करून पाहिल्यास तबकडीवर ओरखडे पडून उरलेल्या नोंदीही जातात. ती घरी उघडून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. धुळीचा एक कणही तिला घातक ठरतो.

ड्राइव्ह सापडला, पण हवी ती प्रत निघते काय?

संदेश येणे बंद झाले म्हणजे काम संपले असे मानू नये. फाइल हिस्टरी ही ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ यांसारख्या ठराविक जागांची प्रत काढते. दूध संकलनाचा प्रोग्रॅम आपल्या नोंदी ‘सी’ ड्राइव्हवरील स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवत असेल, तर तो फोल्डर मुद्दाम समाविष्ट केल्याखेरीज त्याची प्रत निघत नाही. अशा संस्थेत बॅकअप वर्षभर बिनचूक चालतो, पण त्यात सचिवाची पत्रे आणि वार्षिक सभेची छायाचित्रे तेवढी असतात. दुधाची एकही नोंद नसते. प्रोग्रॅममध्ये स्वतःचे ‘बॅकअप’ बटण असल्यास तेच वापरावे आणि प्रोग्रॅम चालू असताना त्याची फाइल नुसती उचलून दुसरीकडे ठेवू नये. अशी प्रत अर्धवट असण्याचा संभव असतो.

यास्तव महिन्यातून एकदा प्रत परत उतरवून पाहावी. मूळ नोंदींवर न उतरविता, शक्य तर दुसऱ्या संगणकावर उतरवावी. नंतर कोणत्याही एका दिवसाचे एकूण दूध व कोणत्याही दोन सभासदांचे दहा दिवसांचे बिल उघडून छापील कागदाशी ताडून पाहावे. आकडे जुळले तरच बॅकअप आहे असे म्हणावे. बियाण्याची उगवणशक्ती पाहण्यासाठी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोजतात. त्याच जातीची ही कसोटी आहे.

दोन हार्ड डिस्क, दोन जागा

हार्ड डिस्क संगणकास सदैव जोडून ठेवली तर ती कधी ‘हरवत’ नाही. पण वीज कडाडून संगणक जळाला, आग लागली किंवा चोरी झाली, तर दोन्ही प्रती एकदमच जातात. शिवाय खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे घातक प्रोग्रॅम जोडलेल्या हार्ड डिस्कवरील प्रतही बंद करतात. उलटपक्षी ती काढून ठेवली तर सुरक्षित राहते, पण जोडावयाचे विसरते. या अडचणीतून निघण्याचा मार्ग म्हणजे दोन हार्ड डिस्क ठेवणे. एकीवर १ तर दुसरीवर २ असा अंक घालावा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत १ क्रमांकाची, पुढच्या दहा दिवसांत २ क्रमांकाची, अशा आळीपाळीने त्या वापराव्यात. एक कार्यालयात राहील तेव्हा दुसरी दुसऱ्या इमारतीत, समितीने ठरविलेल्या जबाबदार व्यक्तीकडे राहील. दोन्ही हार्ड डिस्क एकाच अक्षराने ओळखल्या जातील अशी मांडणी करून घ्यावी आणि त्या एकाच वेळी कधीही जोडू नयेत.

रोजचे काम झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ करूनच हार्ड डिस्क काढावी. चालू असताना ती उपटल्यास मांडणी बिघडून पुढील वेळी ‘सापडत नाही’ हा संदेश येण्याचा संभव असतो. पावसाळ्यात दमटपणामुळे पिनांवर गंज चढतो. म्हणून हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि भिजट हवेतून आणल्यावर काही वेळ कोरडी होऊ देऊन मगच जोडावी. दुधाचे कॅन धुण्याच्या जागेपासून व जमिनीपासून ती दूर असावी. संगणकास यू. पी. एस. असणे इष्ट आहे. बॅकअप चालू असतानाच वीज गेल्यास हार्ड डिस्कवरील मांडणीस धोका पोहोचतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी संगणक-तज्ज्ञ होण्याची जरुरी नाही. संस्थेस भेट दिली असता त्यांनी सचिवास तीन प्रश्न विचारावेत: शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे? ती या क्षणी कोठे आहे? ती उतरवून शेवटी केव्हा पाहिली? तिन्ही उत्तरे तत्काळ व तारखेसह मिळाली तर व्यवस्था नीट आहे असे समजावे. ‘संगणकवाल्याने सारे लावून दिले आहे’ असे उत्तर आल्यास त्याच भेटीत पेन ड्राइव्हवर एक प्रत काढवून घ्यावी.

संस्थेने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत तारीख, हार्ड डिस्कचा क्रमांक, प्रतीतील शेवटच्या दिवसाचे एकूण दूध आणि सही एवढेच रकाने पुरेत. सचिव रजेवर असेल तेव्हा हे काम कोणी करावयाचे, त्याचे नाव पहिल्याच पानावर लिहावे. ही वही व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेपुढे ठेवावी. सभासदांनीही आपल्या पावत्या निदान दिवाळीचा दर फरक हाती पडेपर्यंत जपून ठेवाव्यात. छापील पावतीवरील शाई उष्णतेने पुसट होत असल्यास दहा दिवसांचे बिल वहीत उतरवून घेणे चांगले.

थोडक्यात

१. ‘ड्राइव्ह सापडत नाही’ हा संदेश आल्यास त्याच दिवशी दखल घ्यावी.

२. हार्ड डिस्क कोठे आहे ते आधी पाहावे.

३. दुरुस्तीपूर्वी पेन ड्राइव्हवर तात्पुरती प्रत काढावी.

४. वीज व केबल, दुसरा संगणक, ड्राइव्हची यादी, अक्षर, निवडलेली हार्ड डिस्क, वेळ, या क्रमाने तपासणी करावी; एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

५. ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइज’ दाबू नये. टक् टक् आवाज आल्यास हार्ड डिस्क बंद करावी.

६. दुधाच्या नोंदींचा फोल्डर बॅकअपमध्ये आहे याची खात्री करावी.

७. महिन्यातून एकदा प्रत उतरवून छापील बिलाशी ताडून पाहावी.

८. दोन हार्ड डिस्क आळीपाळीने वापराव्यात आणि एक नेहमी दुसऱ्या इमारतीत असावी.

या कामास रोज दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ज्या संस्थेत आजवर अशी नोंदवही नसेल, तेथे ती चालू दहा दिवसांचे बिल काढण्याच्या दिवसापासूनच सुरू करावी. बिलाचे आकडे तयार असल्यामुळे पहिली प्रत ताडून पाहण्याचे कामही त्याच दिवशी उरकता येईल.